सांजेची उकळी

साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचून मी काजूची बोंडं तुडवत होते आणि माझ्या सासूबाई खळ्याच्या कठड्यावर बसून सूचना देत होत्या.

"गो बाय, पाय धुतलंस मां?"

"धुतले, आई. साबण लावून धुतले."

"आणि असां नाचात गेल्यासारख्या काय तुडवतंस? टाच लाव. टाचेन फोड."

मी टाच लावली. रसाची चिळकांडी थेट डोळ्यात गेली आणि मी एका पायावर नाचू लागले. काजूच्या रसाचा डाग कपड्यावरून कधीच जात नाही, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी लग्नातली अबोली साडी त्या दिवशी कामातून गेली. आईंना ते आधीपासून दिसत होतं, पण साडीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

"हां, आता कसां!" त्या म्हणाल्या. "आता जोर इलो बघ पायात."

मी इस्लामपूरची. लग्न होऊन दोडामार्गाजवळच्या या गावात आले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बोंडं तुडवून दारू गाळायची असते हे मी इथे येऊन ऐकलं, आणि ऐकलं तेव्हा ते आपल्याच गळ्यात पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. कारण माझं सासर म्हणजे माळकरी घर. सासरे यशवंत गवस, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, गळ्यात तुळशीची माळ घालून हिंडणारे. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा हुंगून पाहत आणि संशय आला तर परत पाठवत.

तर अशा या आबांची म्हैस हरवली. रानात चरायला गेली ती परतलीच नाही. आबांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी रान पालथं घातलं आणि शेवटी गावाच्या वेशीवरच्या राखणदारासमोर उभे राहून नवस बोलून टाकला. राखणदार म्हणजे रात्री हातात काठी घेऊन गावाची राखण करणारा देव. त्याला गोडधोड चालत नाही. कोंबडा आणि दारू, एवढंच. तेव्हा आबा घाबऱ्या घाबऱ्या बोलून बसले, "म्हस गावली तर घरच्या बोंडांची, घरच्याच माणसाच्या हातची बाटली तुका देतंय!"

म्हैस त्याच संध्याकाळी सापडली. शेजारच्या लाडूकाकांच्या केळीत उभी राहून ती रवंथ करत होती. रानात कधी गेलीच नव्हती. जरा घरामागे पाहून मग नवस बोलले असते तर पुढचं सगळंच टळलं असतं. पण बोललेला नवस परत घेता येत नाही.

आता ही दारू करणार कोण? आबांच्या गळ्यात माळ. आईंनी तर ऐकताच कानांवर हात ठेवले. माझा नवरा उल्हास एसटीत कंडक्टर होता. त्याने काखा वर केल्या. "माका ड्युटी असा," म्हणाला आणि सुट्टीच्या दिवशीही डेपोत जाऊन बसला. मग आबांची नजर माझ्यावर आली.

"सूनबाय सायन्स शिकलेली असा," ते म्हणाले. "तिच्या शास्त्रात ह्या सगळा असतला."

मी रसायनशास्त्राची पदवीधर होते हे खरं. आणि मी तोंड उघडून "नाही" म्हणू शकले नाही, त्यालाही कारण होतं. सावंतवाडीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. कॉलेज उघडलं की हजर व्हायचं होतं. पत्र आलं त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नव्हतं. आबांनी नाही म्हटलं नाही, पण एवढंच म्हणाले, "पयलो नवस. नवस फिटल्याशिवाय घरातला माणूस नव्या कामाक जावचा नाय." एकदा आबा असं बोलले की ते दगडावर कोरलेलंच. म्हणजे माझी नोकरी आता त्या रसावर अवलंबून होती.

गावातल्या इनासची टेकडीमागे भट्टी होती, आणि ती तिथे आहे हे सरकार सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. गाळण्याचं काम तो करून देणार होता. "बाय, तू खाली रस आंबव. फेस इलो की माका सांग," एवढं सोपं करून त्याने सांगितलं. रस आंबवणं म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. साखर, ऊब आणि वाट पाहणं.

मी रस गाळून जर्मनच्या मोठ्या टोपात भरला. ऊब हवी म्हणून टोप न्हाणीत, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीशेजारी ठेवला. वर फडकं बांधलं. आणि वाट पाहू लागले.

सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी मी न्हाणीत. फडकं सोडायचं, आत डोकवायचं. फेस नाही. टोपाला कान लावायचा. बुडबुड्यांचा आवाज नाही. रस असा शांत, की काही विचारायचीसुद्धा सोय नाही.

"रस काय म्हणता?" उल्हास दात घासत विचारायचा.

"काही म्हणत नाही."

"तिकीट फाडूक नाय तुया. म्हणान गाडी सुटणा नाय."

मी गूळ घातला. रस आणखी गोड आणि दाट झाला; तो गुळामुळे, असं मी समजले. मी जागा बदलली, टोपाला गोणपाट गुंडाळलं, एकदा तर कोणी बघत नाही असं पाहून त्याला हात जोडले. आबा रोज खळ्यातून ओरडून विचारायचे, "झाला काय गो?" आणि मी रोज म्हणायचे, "होतंय, आबा." इस्लामपुरात उन्हाळ्यात ताकसुद्धा दुपारपर्यंत फसफसायचं. आणि इथे कोकणच्या वैशाखात, चुलीला चिकटून ठेवलेला काजूचा रस जराही आंबू नये? पुस्तकातलं प्रकरण मी इतक्यांदा वाचलं की ते पान सुटून हातात आलं.

आई मात्र त्या दिवसांत फार प्रेमाने वागत होत्या. माझ्या पुढ्यात बसून भाजी चिरायच्या, माहेरच्या गोष्टी सांगायच्या, माझ्या विचारायच्या. कॉलेजात मुलगे आणि मुली एकाच बाकावर बसतात का, हा प्रश्न तर रोजचाच. "नाय झाला तर नाय झाला," त्या मला समजवायच्या. "देव काय खावक उठणा नाय."

"पण नोकरी जाईल ना, आई."

"हां, ता असा," असं म्हणून त्या मान खाली घालून वाल सोलू लागायच्या.

तोवर आबांनी लाडूकाकांना सांगून नवसाचा दिवस ठरवून टाकला. लाडूकाका गावचे गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी वाडीभर बोलावणं केलं. माळकऱ्याच्या घरची दारू प्रसाद म्हणून मिळणार, या बातमीने पुरुषमंडळींच्या तोंडाला जे पाणी सुटलं ते सुटलं. जे कधी देवळाची पायरी चढत नव्हते तेसुद्धा वाटेत थांबवून मला दिवस कोणता, वेळ कोणती, असं भक्तिभावाने विचारू लागले.

माझा धीर सुटला. नवसाच्या आदल्या सकाळी एक कल्पना सुचली. आईंचं आंबोळ्यांचं पीठ! रात्री भिजवलं की सकाळी टोपाबाहेर येणारं. ते जर रसात घातलं तर रसाला आंबावंच लागेल. मी चांगलं दोन डाव पीठ रसात ढवळलं, फडकं बांधलं आणि रोजच्यासारखी संध्याकाळी विहिरीवर धुणं घेऊन गेले. मन लागेना म्हणून नेहमीपेक्षा लवकर, दिवेलागणीलाच परतले. न्हाणीतून धूर येत होता.

आत पाहते तर टोप चुलीवर. खाली जाळ. आणि आई फुंकणी बाजूला ठेवून, डवल्याने माझा रस ढवळतायत.

"आई!"

त्या दचकल्या, पण डवला सुटला नाही. "इलंस? बरां झाला. तळाक लागता. जरा जाळ कमी कर."

"तुम्ही हे काय करताय?"

"काय म्हणजे? सांजेची उकळी. उकळी नाय काढली तर आंबतला मां ता!"

"आई, मला ते आंबवायचंच आहे!"

आईंनी माझ्याकडे इतक्या निष्पापपणे पाहिलं की मला पुढे ओरडताच येईना. आमच्या घरात फ्रीज नव्हता. दूध, आमटी, माशाचं कालवण, सकाळचं जे जे उरेल त्याला संध्याकाळी उकळी काढायची, ही आईंची शिस्त. त्यांच्या हातून एक वाटी ताकसुद्धा कधी वाया गेलं नव्हतं. घरातल्या एका टोपातलं काही उकळीवाचून राहतंय, हे त्यांना सहन होणं कसं शक्य होतं?

"रोज काढत होता?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"रोज नको? एक दिवस चुकलंय तर काय उपयोग?"

मी तिथेच पाटावर बसले. पुस्तकात थंडी, ऊन, साखर, सगळ्याचा विचार केला होता. सासूचा केला नव्हता.

चुलीवरचा पदार्थ आता रसही राहिला नव्हता. रोज आटून आटून त्याचा पाक झाला होता आणि त्यात पीठ शिजून एक तपकिरी, चकचकीत, डवल्याला लोंबकळणारी खीर तयार झाली होती. बोंडांचा हंगाम संपला होता, दुसऱ्या दिवशी नवस होता. मी रडले. आईंनी मला जवळ घेतलं आणि डवल्याला लागलेलं चाटून पाहिलं. "पण लागता बरा," त्या हळूच म्हणाल्या.

सकाळी इनास आला. त्याने बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं.

"बाय, हेच्यात दारू खंय असा?" तो म्हणाला. "ह्या पावाक लावन खावक बेस." आणि खरोखरच त्याने घरून पाव आणून द्रोणभर खीर नेली.

आबांना सांगावंच लागलं. त्यांनी माळेचा एक एक मणी फिरवला. मग म्हणाले, "बोललो ता घरच्या बोंडांचा, घरच्या हातचा. ह्या दोनय असा. चला. द्येवाक विचारूया. तेना मानला तर सूनबाय कामाक जाय. नाय मानला तर पुढच्या वर्साक परत बोंडां तुडय. मगे बघू."

पुढच्या वर्षी! कॉलेज काही माझ्यासाठी बोंडांच्या हंगामाची वाट पाहत थांबणार नव्हतं.

वेशीवर अंजनाच्या झाडाखाली राखणदाराचा काळा उभा दगड. त्याच्यापुढे सगळी वाडी जमली होती, पुरुष पुढे, आम्ही दोघी बायका मागे. पितळेच्या गंजावरचं झाकण निघालं, तेव्हा पुढच्या रांगेने माना लांब केल्या. वास घेतला. एकमेकांकडे पाहिलं. पण देवाच्या पुढ्यात कोण बोलणार?

लाडूकाकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या यशवंत गवसान तुका जो नवस केल्लो, तो फेडूक तो आज तुझ्या पायाशी इलो असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी असा होकार द्यायचा असतो. मग ते गाऱ्हाणं सगळ्या गावाचं होतं.

"जा काय घरात पिकला, जा काय घरच्या हातान झाला, ता तुका दिलला असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला असात, तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागून मीही म्हटलं. जरा मोठ्यानेच.

मग कौल. राखणदाराच्या दगडाला फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाने मानलं, डावी पडली तर नाही. पाकळ्या नवसाच्या वस्तूतच बुडवायच्या, अशी तिथली रीत. दारूत बुडवलेली पाकळी लगेच सुकते आणि पडते. लाडूकाकांनी त्या खिरीत बुडवल्या आणि दगडाला लावल्या.

आम्ही सगळे बघत राहिलो. पाकळ्या हलेनात. वारा आला, अंजनाची पानं सळसळली, दोन पिकली पानं खाली पडली, पण पाकळ्या जागच्या जागी. माझा पाक! रोज आटवलेला, गुळाचा, त्यात आंबोळीचं पीठ! त्या खळीने वर्तमानपत्र भिंतीला चिकटवलं असतं तर पाच पावसाळे निघाले असते.

ऊन चढलं. मंडळी या पायावरून त्या पायावर होऊ लागली. कोणीतरी खोकलं. प्रसाद वाटायला हरकत नाही असं कोणीतरी सुचवलं, म्हणून पानाच्या द्रोणांतून तो वाटला. प्रसादाला नाव ठेवता येत नाही. दारूच्या आशेने आलेले थोराड गडी मुकाट्याने बोटं चाटत होते आणि डोळे मिटून "बरो असा, बरो असा" म्हणत होते.

"हललो काय?" आबांनी विचारलं.

"हलणा नाय," लाडूकाका दगडाशी नाक नेऊन म्हणाले. "पण मुंगळे इले."

खरंच, तांबड्या मुंगळ्यांची रांग दगडावर चढत होती. ते उजव्या पाकळीपाशी पोचले. तिच्या कडेने चाटू लागले. पाकळी जराशी सुटली. मी टाचा उंचावून पाहू लागले. पण मुंगळ्यांनी ती पाडली नाही, ती खांद्यावर घेतली आणि दगडावरून वरच्या दिशेने निघाले. मागोमाग दुसऱ्या टोळीने डावीही उचलली. देवाच्या माथ्यावरून दोन्ही पाकळ्या पलीकडे नाहीशा झाल्या.

"आता?" कोणीतरी विचारलं.

लाडूकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आयुष्यभर कौल लावणाऱ्या माणसाला असा कौल कधी पडला नव्हता. "पडली नाय, तर कौल नाय," ते म्हणाले.

"म्हणजे मानला नाय," आबा म्हणाले. "तर पुढच्या वर्साक."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आई पुढे गेल्या. पुरुषांच्या रांगेतून वाट काढत, डोक्यावर पदर ओढत, थेट राखणदारापुढे. बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. कोणाला अडवायचंसुद्धा सुचलं नाही. आईंनी हात जोडले आणि अगदी लाडूकाकांच्या चालीवर आवाज लावला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! तुझ्या बाटलीक रोज सांजेक उकळी काढणारी ती मीच रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जन्माची सवय. तोंडं आपोआप उघडली.

"ता आंबूक घातलला असा, ह्या माका पयल्या दिवसापासून ठावक होता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी तर आईंच्या पाठीकडे पाहतच राहिले.

"सूनबाय कामाक गेली तर दिसभर मी कोणाशी बोलू, म्हणान काढलंय रे म्हाराजा! म्हस माझ्याशी बोलणा नाय, घोव बोलणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आबांचाही आवाज होता.

"तर चूक ती माझी! तेची शिक्षा तिका नको रे म्हाराजा! तिका सावंतवाडीक कामाक जावंदे, आणि रोज सांजेच्या गाडयेन सुखरूप घराक हाडून पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज आबांचा होता. तो त्यांच्या तोंडातून गेला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"अरे, पण ह्या..." ते लाडूकाकांकडे वळले. "ह्या गाऱ्हाणा कसा होतला? बायलमाणूस..."

"व्हय कोणी म्हटला?" लाडूकाका म्हणाले. "मी म्हटलंय. गावान म्हटला. तुया म्हटलंस. आता राखणदाराक काय सांगतलंस, तोंडातसून चुकान इला?"

आबांनी देवाला नमस्कार केला, माझ्याकडे न पाहता द्रोण उचलला आणि खीर खाऊ लागले.

परतताना पुरुष पुढे गेले. आई आणि मी पायवाटेने मागून चालत होतो. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून पाक चिकटत होता.

"आई, तुम्ही मला सरळ सांगितलं का नाही?"

"सांगलंय असतंय तर तू रवली असतंस."

"मग तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"व्हया होता गो," आई म्हणाल्या. "पण मगे रोज तुझा पडलला तोंड कोण बघतला?"